शिकारी रायफलसाठी दुर्बिणीची रेल घरच्या मशीनवर बनवणे : योग्य क्रम आणि तपासण्या

घरी बनवलेल्या रेलवर, म्हणजे रायफलच्या माथ्यावरच्या खाचांच्या पट्टीवर, बसवलेली दुर्बीण शून्य धरत नाही, म्हणजे गोळी नेम धरल्या जागी लागत राहत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि दोष बहुधा दुर्बिणीवर किंवा स्क्रूंवर ढकलला जातो. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा कामाच्या क्रमात झालेली असते. रेलचा माथा आणि खाचा सर्वांत जास्त दिसतात, म्हणून हौशी कारागीर आधी त्या कापतो, मग तळाला गोलाई देतो आणि शेवटी छिद्रे पाडून ती रायफलवर आवळतो. आवळताना रेल किंचित वाकते आणि तोवर अचूक असलेला माथाही तिच्याबरोबर वाकतो. हा संपूर्ण लेख एका नियमावर उभा आहे : आधी तळ, मग छिद्रे, मग रायफलवरची बैठक आणि सर्वांत शेवटी माथा. माथा कापताना रेल ज्या अवस्थेत रायफलवर बसणार आहे, त्याच अवस्थेत धरलेली असली पाहिजे.

हा लेख फक्त अशा बोल्ट-ॲक्शन रायफलसाठी आहे, जिच्या रिसीव्हरवर (नळीमागच्या, बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावर) उत्पादकाने दुर्बिणीसाठी आट्यांची छिद्रे आधीच दिलेली आहेत. रिसीव्हरमध्ये नवीन छिद्र पाडणे, जुने मोठे करणे किंवा रिसीव्हर घासून सपाट करणे हे घरी करण्याचे काम नाही. ते परवानाधारक बंदूक-कारागिरानेच करावे. रायफलवर कोणी कोणते काम करावे याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे साहित्य आणण्यापूर्वी आपल्याकडचा नियम पाहून घ्यावा.

इशारा : कामाला हात लावण्याआधी रायफल रिकामी असल्याची नजरेने आणि बोटाने खात्री करावी, बोल्ट व मॅगझिन काढून ठेवावे आणि जिवंत काडतुसे त्या खोलीत मुळीच आणू नयेत. लेखात पुढे जिथे काडतुसाने चाचणी घेण्याचा उल्लेख आहे, तिथे स्फोटक नसलेले डमी काडतूस असाच अर्थ घ्यावा.

## टप्पा १ : तीन निर्णय आधी घ्या

पहिला निर्णय रेलच्या नमुन्याचा. वीव्हर आणि पिकाटिनी हे दोन नमुने दिसायला सारखे असले तरी त्यांच्या खाचा वेगळ्या आहेत. वीव्हरची खाच ४.५७ मिमी रुंद असते आणि दोन खाचांमधले अंतर ठरावीक नसते. मिल-एसटीडी-१९१३ मानकाच्या पिकाटिनी रेलवर खाच ५.२३ मिमी रुंद, ३ मिमी खोल आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिमी असते. रेलची एकूण रुंदी २१.२ मिमी आणि बाजूचे उतार ४५ अंशांचे असतात. वीव्हरच्या रिंगा (दुर्बीण धरणारी कडी) सहसा पिकाटिनी रेलवर बसतात, उलट मात्र पिकाटिनी रिंगेचा आडवा दांडा वीव्हरच्या खाचेत जात नाही. नवीन रेल बनवायचीच असेल, तर ती पिकाटिनीच बनवावी.

दुसरा निर्णय रेल सपाट ठेवायची की उताराची. लांब पल्ल्यासाठी रेलला २० मिनिटांचा उतार देतात. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटिमीटर भरतो. उतार देण्याआधी दुर्बिणीची उंची-समायोजनाची एकूण मर्यादा पाहावी. ती ६० मिनिटे असेल, तर मध्यापासून खाली ३० मिनिटे मिळतात, त्यांतली २० उतारात गेली तरी १० उरतात आणि १०० मीटरवर शून्य करता येते. तीच मर्यादा ४० मिनिटे असेल, तर खाली काहीच उरत नाही आणि रेल कितीही सुबक झाली तरी जवळचे शून्य मिळत नाही. नेहमीच्या शिकारी अंतरांसाठी माझ्या मते सपाट रेलच योग्य आहे. उतार हवाच असेल, तर त्याची कृती टप्पा ८ मध्ये दिली आहे.

तिसरा निर्णय धातूचा. ६०६१ किंवा ७०७५ अ‍ॅल्युमिनिअम घरच्या छोट्या मशीनवर नीट कापले जाते. खरेदी करताना केवळ टी६ न पाहता टी६५१ असा उल्लेख असलेली पट्टी मागावी. तिचा अर्थ असा की ती कारखान्यात ताणून तिच्यातला अंतर्गत ताण कमी केलेला आहे, त्यामुळे एका बाजूचा धातू काढल्यावर ती कमी वाकते. पोलादी रेल अधिक टिकाऊ असते, पण हलक्या मिलिंग मशीनवर डोव्हटेल कटर (आत वळलेला उतार कापणारा) थरथरतो आणि बाजूचे उतार खडबडीत होतात.

## टप्पा २ : रायफलची मापे

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि पुढची निम्मी बिघाडे इथेच जन्माला येतात. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, फीलर गेज आणि खात्रीची सरळ पट्टी एवढी साधने हाताशी असावीत.

रिसीव्हरवर दोन बैठका असतात : नळीजवळची पुढची आणि बोल्टच्या मागच्या बाजूची मागची. त्या दोन्हींचा व्यास मायक्रोमीटरने स्वतंत्रपणे घ्यावा, कारण अनेक रायफलींत त्या सारख्या नसतात. त्यानंतर सरळ पट्टी पुढच्या बैठकीवर रायफलच्या अक्षाला समांतर धरून मागच्या बैठकीवर किती फट राहते, ते फीलर गेजने मोजावे. ही फट म्हणजे दोन बैठकांच्या उंचीतला फरक. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींतही हा फरक वेगळा निघू शकतो, त्यामुळे दुसऱ्याच्या रायफलवरून घेतलेले माप किंवा कुठे छापलेले माप वापरू नये.

छिद्रांमधले अंतर मोजण्याची खात्रीची पद्धत अशी आहे. दोन छिद्रांत सारखेच दोन स्क्रू हाताने बसवावेत. त्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर आणि आतल्या कडांमधले अंतर अशी दोन्ही मापे घ्यावीत. त्यांची सरासरी म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर. या पद्धतीत स्क्रूचा व्यास हिशेबातून आपोआप निघून जातो. आट्यांत स्क्रू थोडा डुलत असल्याने प्रत्येक माप स्क्रू काढून पुन्हा बसवून निदान तीनदा घ्यावे. सर्व छिद्रे एका सरळ रेषेत आहेत का, तेही सरळ पट्टी लावून पाहावे. कारखान्याची छिद्रेही क्वचित बाजूला सरकलेली असतात.

शेवटी छिद्रांची खोली. शिकारी रायफलींवर ६-४८ हा आटा फार आढळतो आणि जड धक्क्याच्या रायफलींवर ८-४०. पहिल्या आकड्याने स्क्रूचा क्रमांक कळतो आणि दुसऱ्याने एका इंचातले आटे. त्यामुळे ६-४८ चा स्क्रू एका फेऱ्यात ०.५३ मिमी पुढे जातो आणि ८-४० चा ०.६४ मिमी. रेल न लावता स्क्रू छिद्रात फिरवत न्यावा, तो टेकेपर्यंत फेरे मोजावेत आणि त्यावरून खोली काढावी. सर्वांत पुढचे छिद्र अनेकदा नळीच्या आट्यांवर येते आणि ते बंद असते. तिथला स्क्रू लांब पडला, तर तो तळाला टेकून घट्ट लागतो, पाना अडतो आणि रेल मात्र सैलच राहते. शून्य भटकण्यामागचे हे सर्वांत जास्त फसवणारे कारण आहे.

तपासणी : कागदावर आता पुढील मापे असली पाहिजेत : दोन्ही बैठकांचे व्यास, त्यांच्या उंचीतला फरक, छिद्रांमधली सर्व अंतरे, प्रत्येक छिद्राची खोली, स्क्रूच्या डोक्याचा व्यास व उंची, आणि काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीची लांबी. यातले एकही माप नसेल, तर मशीन सुरू करू नये.

## टप्पा ३ : आराखडा आणि खाचांचा तक्ता

रेलची जाडी अंदाजाने ठरवू नये, तळापासून वर मोजत यावी. रेलच्या मध्यरेषेवर स्क्रूच्या डोक्याखाली किमान अडीच मिमी धातू उरला पाहिजे. त्यावर डोक्याची उंची, समजा २.८ मिमी, त्यावर ०.३ मिमी मोकळीक आणि त्यावर खाचेची ३ मिमी खोली. बेरीज ८.६ मिमी होते आणि ही रेलची सर्वांत पातळ जागी असलेली जाडी आहे. उतार द्यायचा असेल, तर ही जाडी पुढच्या टोकाच्या स्क्रूपाशी धरावी, कारण तिथेच रेल पातळ होते. ३४.६ मिमी व्यासाच्या रिसीव्हरसाठी २१.२ मिमी रुंद रेलच्या तळाशी मधोमध सुमारे ३.६ मिमी खोल गोलाई येते, म्हणून कच्ची पट्टी २५ मिमी रुंद आणि १६ मिमी जाड घेतली की काम सुखाने होते. लांबी अंतिम मापापेक्षा १५ मिमी जास्त ठेवावी.

खाचांची स्थाने लिहून काढावीत : ०, १०.०१, २०.०२, ३०.०३ अशा क्रमाने शेवटच्या खाचेपर्यंत. प्रत्येक खाच आधीच्या खाचेपासून मोजली, तर चुका साचत जातात. म्हणून प्रत्येक स्थान एकाच शून्यापासून मोजावे. १०.०१ ऐवजी सरळ १० धरण्याचा मोह होतो. तसे केले तर पंधराव्या खाचेवर ०.१४ मिमी फरक पडतो आणि दोन आडवे दांडे असलेला एकसंध माउंट (दोन्ही रिंगा एकत्र जोडलेला) खाचांत अडकून बसतो.

आराखड्यावर खाचा आणि स्क्रूची छिद्रे एकमेकांवर ठेवून पाहावीत. छिद्र पूर्णपणे खाचेत किंवा पूर्णपणे दोन खाचांमधल्या उंचवट्यावर आले तर उत्तम. ते कडेवर येत असेल, तर खाचांचा सगळा तक्ता दोन-तीन मिमी पुढेमागे सरकवून पाहावा. चारही छिद्रे नीट जमतीलच असे नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही, कारण या क्रमात छिद्रे खाचांच्या आधी पडतात.

## टप्पा ४ : पट्टी चौकोनी करणे आणि विसावू देणे

मिलिंग मशीनचे डोके टेबलाशी काटकोनात आहे का, हे डायल गेज स्पिंडलला लावून गोल फिरवून तपासावे. नंतर पट्टीच्या चारही बाजू रफ कटाने कापून ती समांतर आणि काटकोनी करावी. प्रत्येक बाजूवर अर्धा मिमी शिल्लक ठेवावी. रफ कट वर आणि खाली आलटून पालटून घ्यावेत. एकाच बाजूने सगळा धातू काढल्यास पट्टी केळीसारखी वाकते.

यानंतर पट्टी व्हाइसमधून सोडवून रात्रभर टेबलावर मोकळी ठेवावी. दुसऱ्या दिवशी सरफेस प्लेटवर ठेवून डायल गेजने वाक पाहावा आणि मगच हलका फिनिशिंग कट घ्यावा. घाई असलेला माणूस ही पायरी गाळतो आणि तो वाक त्याला शेवटी रायफलवर दिसतो.

अ‍ॅल्युमिनिअमसाठी हायस्पीड स्टीलच्या कटरचा वेग मिनिटाला ७५ मीटरच्या आसपास धरला, तर ६ मिमी एंड मिल सुमारे ४००० फेऱ्यांवर चालवावी लागते. मशीन तेवढ्या वेगाला पोचत नसेल, तर आहे त्या सर्वांत जास्त वेगावर फीड कमी करून काम करावे. कटरच्या धारेवर धातू चिकटू लागला, की कापणे थांबून घासणे सुरू झाले असे समजावे. अशा वेळी कटिंग ऑइल ब्रशने लावत राहावे.

## टप्पा ५ : तळाची गोलाई

तळाची गोलाई लेथवर सर्वांत चांगली येते. लेथचा टूल पोस्ट काढून पट्टी क्रॉस स्लाइडवर, अक्षाला समांतर, शिकंज्यांनी पक्की बांधावी. दोन सेंटरमध्ये बोअरिंग बार लावावा आणि तिच्या मधोमध छोटे टूल बसवावे. बार फिरते आणि कॅरेज पट्टीला तिच्याखालून नेते. पट्टीला टूलच्या आधी आणि नंतर पूर्ण बाहेर निघायला जागा लागते, त्यामुळे बारची लांबी रेलच्या दुपटीपेक्षा बरीच जास्त असावी.

टूल किती बाहेर काढायचे, ते मायक्रोमीटरने ठरवावे. बारच्या मागच्या कडेपासून टूलच्या टोकापर्यंतचे माप म्हणजे हवी असलेली त्रिज्या अधिक बारची अर्धी जाडी. बार २० मिमीची आणि त्रिज्या १७.३ मिमी हवी असेल, तर हे माप २७.३ मिमी आले पाहिजे. रफिंग करताना टूल कमी बाहेर ठेवावे आणि शेवटच्या कटालाच पूर्ण माप द्यावे.

त्रिज्या नेमकी जमली नाही, तर चूक कोणत्या बाजूला असावी, हे आधीच ठरवलेले बरे. रेलची त्रिज्या रिसीव्हरपेक्षा किंचित मोठी झाली, तर रेल मध्यरेषेवर टेकून दोन्ही बाजूंना डुलते. ती किंचित लहान झाली, तर रेल दोन्ही कडांवर टेकते आणि स्थिर बसते. म्हणून ०.०३ ते ०.०५ मिमी कमी त्रिज्येचे लक्ष्य ठेवावे.

लेथ नसेल, तर मिलिंग मशीनवर बॉल एंड मिलने पायऱ्या-पायऱ्यांनी गोलाई कापता येते आणि शेवटी तिच त्रिज्या असलेल्या गोल दांड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून ती सारखी करता येते. या पद्धतीत एक हिशेब वारंवार चुकतो. कटरच्या गोळ्याचा मध्य रिसीव्हरच्या त्रिज्येवरून चालत नाही, तर रिसीव्हरची त्रिज्या वजा गोळ्याची त्रिज्या इतक्या वर्तुळावरून चालतो. १७.३ मिमी गोलाईसाठी ६ मिमी बॉल कटर घेतला, तर त्याच्या मध्याचा मार्ग १४.३ मिमी त्रिज्येचा असतो. हे विसरून कापलेला तळ रुंद होतो आणि रेल वाया जाते.

दोन बैठकांचे व्यास किंवा उंची वेगळी असतील, तर त्या दोन भागांची गोलाई स्वतंत्रपणे कापावी. मधल्या भागात, म्हणजे खिडकीवर येणाऱ्या जागेत, तळ दीड-दोन मिमी वर उचलून घ्यावा. तिथे रेल कशालाच टेकायची नसते आणि रिकामे कवच बाहेर पडायला जागा हवी असते.

तपासणी : रिसीव्हरवर निळ्या शाईचा पातळ थर लावून रेल हाताने दाबून उचलावी. दोन्ही बैठकांवर, दोन्ही कडांना, लांबीभर शाई लागली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यावरच शाई लागली असेल, तर रेल पिळवटलेली आहे आणि पुढचे सगळे काम व्यर्थ जाईल. शाई तपासल्यावर पुसून टाकावी.

## टप्पा ६ : छिद्रे आणि काउंटरबोअर

रेल उलटी करून, तळ वर ठेवून छिद्रे पाडावीत, कारण अंतर नेमके असायला हवे ते तळाशी. मध्यरेषा गोलाईच्या दोन्ही कडांवरून काढावी, पट्टीच्या बाजूंवरून नव्हे. पट्टीच्या बाजू अजून अंतिम मापाला आलेल्या नसतात. प्रत्येक छिद्रासाठी आधी सेंटर ड्रिल, मग अंतिम ड्रिल. ६-४८ स्क्रूचा बाहेरचा व्यास ३.५ मिमी असतो, त्यामुळे ३.६ किंवा ३.७ मिमीचे छिद्र पुरेसे होते. जास्त मोठे छिद्र घेतल्यास जोडणी सोपी होते, पण धक्क्याने रेल सरकण्यास तेवढीच जागा मिळते.

त्यानंतर रेल सरळ करून डोक्यांसाठी सपाट तळाचे काउंटरबोअर घ्यावे. त्याची खोली माथ्यापासून मोजू नये, कारण माथा अजून तयार नाही. खाली उरणारी अडीच मिमी जाडी हेच माप धरावे आणि प्रत्येक छिद्रात ती व्हर्नियरच्या खोली-दांडीने तपासावी. शंकूच्या टोकाच्या साध्या ड्रिलने डोक्याची जागा केली, तर डोके फक्त कडेवर टेकते, काही धक्क्यांत ती कड दबते आणि स्क्रू ढिला होतो.

## टप्पा ७ : रायफलवर पहिली जोडणी

आता, माथा कापण्याच्या आधी, रेल रायफलवर बसवून पाहायची असते. पुढच्या एका स्क्रूवरच हलका ताण द्यावा आणि मागच्या बैठकीपाशी फीलर गेज घालून फट शोधावी. मग उलट करावे. ०.०५ मिमीहून जास्त फट दिसली, तर ती मागच्या स्क्रूंनी ओढून बंद करू नये. अशी फट शिमने (धातूच्या पातळ पत्र्याने) किंवा धातूमिश्रित इपॉक्सीने भरून काढावी. इपॉक्सी वापरताना रिसीव्हरवर आणि छिद्रांत रिलीज एजंट न चुकता लावावे, नाहीतर रेल कायमची चिकटते.

स्क्रूची लांबी इथेच पक्की करावी. बंद छिद्रात स्क्रू तळापासून किमान एक फेरा आधी थांबला पाहिजे, तर आरपार छिद्रात त्याचे टोक रिसीव्हरच्या आतल्या भिंतीच्या बाहेर येता कामा नये. स्क्रू लहान करताना आधी त्यावर नट चढवावा, मग टोक घासावे आणि नट काढताना आटे आपोआप नीट होतील.

तपासणी : बोल्ट घालून तो उघडा-बंद करावा. त्याची मूठ रेलला घासत नाही, स्क्रूचे टोक बोल्टला लागत नाही आणि डमी काडतूस खिडकीतून आत जाते व मोकळे बाहेर पडते, हे तिन्ही पाहावे. ही तपासणी पूर्ण झाल्यावर रायफल कार्यशाळेतून बाहेर नेऊन कुलुपात ठेवावी, कारण पुढच्या चार टप्प्यांत तिची गरज नाही.

## टप्पा ८ : डमी बैठक आणि माथा

माथा कापताना रेल व्हाइसच्या जबड्यांत दाबून धरणे हीच ती मूळ चूक आहे. त्याऐवजी रिसीव्हरची एक डमी बनवावी. त्याच व्यासाचा एक गोल दांडा घ्यावा, दोन बैठकांचे व्यास वेगळे असतील तर लेथवर त्यावर दोन पायऱ्या काढाव्यात, खालच्या बाजूला पूर्ण लांबीचा सपाट तळ कापावा आणि वर रायफलसारख्याच अंतरांवर आट्यांची छिद्रे टॅप करावीत. बैठकांमध्ये शिम लागली असेल, तर तीच शिम डमीवरही ठेवावी. रेल या डमीवर तिच्याच स्क्रूंनी, शेवटी द्यायच्या ताणाइतक्याच ताणाने आवळली, की ती रायफलवर जशी बसेल तशीच मशीनवर बसते. स्क्रूंची डोकी खाचेच्या तळाच्याही खाली असल्याने कटरला ती आड येत नाहीत. डमी बनवायला एक पूर्ण दिवस लागतो आणि तेवढा वेळ द्यायची तयारी नसेल, तर हे काम हाती न घेणेच बरे.

डमी व्हाइसमध्ये पॅरललवर ठेवून डायल गेज तिच्या दोन्ही पायऱ्यांवर फिरवावा आणि मगच फ्लाय कटरने माथा अंतिम उंचीला आणावा. शेवटचा कट ०.१ मिमीचा, संथ आणि एकाच दिशेने.

उतार द्यायचा असेल, तर डमीच्या तळाखाली पुढच्या टोकाला शिम ठेवावी. पुढचे टोक वर उचलले, की कटर तिथला धातू जास्त काढतो आणि रेल मागे उंच राहते. दुर्बिणीची मागची बाजू उंच असणे हेच इथे हवे असते. २० मिनिटांसाठी प्रत्येक १०० मिमीला ०.५८ मिमी शिम लागते, म्हणजे टेकूंमधले अंतर १४० मिमी असेल तर ०.८१ मिमी. हे अंतर रेलच्या लांबीचे नसून शिम आणि मागचा टेकू यांच्यामधले आहे. उलट उतार पडलेली रेल दुरुस्त होत नाही, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी डमीवर आणि रेलवर रंगाने पुढच्या दिशेचा बाण काढावा.

इशारा : माथा झाल्यावर डमी किंवा शिम हलवू नये. बाजूचे उतार आणि खाचा माथ्याशी समांतर हव्यात, त्यामुळे त्या याच बांधणीत पूर्ण कराव्यात.

## टप्पा ९ : बाजूचे उतार

आधी दोन्ही बाजू २१.२ मिमी रुंदीला आणाव्यात. वरचा उतार ९० अंशांच्या चँफर कटरने आणि खालचा, आत वळलेला उतार ४५ अंशांच्या डोव्हटेल कटरने कापावा. डोव्हटेल कटरसाठी आधी साध्या एंड मिलने जागा मोकळी करून घ्यावी आणि मग त्याला फक्त उतारापुरते काम द्यावे. २० मिमी कटरला सुमारे ६०० फेरे पुरेत. डाव्या आणि उजव्या बाजूचे कट मध्यरेषेपासून समान अंतरावर पडले नाहीत, तर दुर्बीण नळीच्या एका बाजूला सरकते. म्हणून दोन्ही बाजूंना हँडल त्याच दिशेने फिरवत यावे आणि बॅकलॅशचा (दिशा बदलताना हँडल फिरूनही टेबल न हलणाऱ्या मोकळ्या चालीचा) हिशेब धरावा.

पिकाटिनी रिंग बाजूच्या उतारांवरच पकड घेते, त्यामुळे इथे घाई परवडत नाही. दोन्ही बाजूंच्या खालच्या कोनांत एकाच व्यासाचे दोन पिन ठेवून त्यांच्यावरून मायक्रोमीटरने रुंदी मोजावी आणि हे माप पुढच्या, मधल्या व मागच्या जागी घ्यावे. तिन्ही मापांतला फरक ०.०३ मिमीच्या आत असावा. अखेरीस विश्वासाची एक रिंग लावून ती पूर्ण लांबीभर सारख्याच ताणाने सरकते का, हे पाहावे.

## टप्पा १० : खाचा

खाचेला ५ मिमी एंड मिल वापरावी. आधी मधोमध एक कट घेऊन मग दोन्ही भिंतींवर हलके कट घेत रुंदी ५.२३ मिमीपर्यंत आणावी. एकाच कटात पूर्ण रुंदी देणारा कटर शोधू नये, कारण भरल्या खाचेत एंड मिल एका बाजूला ओढली जाते. टेबल नेहमी एकाच दिशेने स्थानावर आणावे. पुढे गेलेले टेबल तसेच मागे न घेता पूर्ण फेरा मागे नेऊन पुन्हा पुढे आणावे. प्रत्येक खाच झाली, की तक्त्यावर खूण करावी.

## टप्पा ११ : कडा आणि लेप

सगळ्या कडांची बर (कापताना राहिलेली धारदार खरखर) बारीक कानसीने काढावी, पण तळाच्या गोलाईच्या कडा गोल करू नयेत, कारण रेल त्यांवरच टेकली आहे. ॲनोडायझिंगचे (अ‍ॅल्युमिनिअमवर कठीण संरक्षक थर चढवण्याचे) काम बाहेर द्यावे. त्यातले आम्लाचे काम घरी सुरक्षितपणे होत नाही. कठीण ॲनोडायझिंगचा थर ५० मायक्रॉनपर्यंत जातो आणि त्यातला साधारण निम्मा मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो, म्हणून खाच ०.०५ मिमीने अरुंद आणि रेल तितकीच रुंद होते. असा थर देणार असाल, तर टप्पा ९ आणि १० मध्ये ती जागा आधीच सोडावी.

## टप्पा १२ : अंतिम जोडणी

रिसीव्हरची छिद्रे, स्क्रू आणि रेलचा तळ तेलविरहित करावा. मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारे द्रव) स्क्रूवर अगदी थोडे लावावे. बंद छिद्रात जास्त लावलेले द्रव खाली अडकते आणि स्क्रू पूर्ण बसत नाही. सर्व स्क्रू हाताने टेकवून घ्यावेत, मग मधल्यांपासून बाहेरच्या स्क्रूंकडे जात दोन फेऱ्यांत टॉर्क पान्याने ताण द्यावा. ६-४८ स्क्रूंना साधारण २ न्यूटन-मीटर ताण चालतो. स्क्रूच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच पाळावा.

रिंगा लावताना त्यांचे आडवे दांडे खाचेत पुढच्या भिंतीला टेकवून, म्हणजे नळीच्या तोंडाकडे ढकलून, मगच आवळावेत. धक्क्याने रायफल मागे जाते आणि दुर्बीण जागीच राहू पाहते, त्यामुळे दांडा आधीच पुढे टेकलेला असेल तर सरकायला काही उरत नाही. रिंगेचा खालचा अर्धा भाग दोन्ही जागी बसल्यावर दुर्बीण त्यात फक्त ठेवून पाहावी. ती दाब न देता दोन्ही रिंगांत पूर्ण टेकली पाहिजे. ती एका रिंगेत उचललेली दिसली, तर रिंगांना लॅपिंग (आतून घासून सारखे) करण्याआधी रेल पुन्हा डमीवर बसवून माथा डायल गेजने तपासावा.

प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रेलवर रंगाची बारीक रेघ ओढावी. अधिकृत चाचणी-मैदानावर १० आणि ४० फैरींनंतर त्या रेघा पाहाव्यात. रेघ तुटलेली दिसली, तर तो स्क्रू नुसता पुन्हा आवळू नये. तो काढून त्याची लांबी, डोक्याखालची बैठक आणि छिद्रातले थ्रेडलॉक तपासावे आणि सर्व काही स्वच्छ करून पुन्हा टॉर्क पान्याने बसवावे.